फॉर्मच्या कोपऱ्यातला क्रमांक: अमेरिकी कामगार खात्याला हरकती-सूचना कशा द्यायच्या

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्या कुणाच्याही एलसीएचं, म्हणजे पगार आणि कामाच्या अटींबद्दल मालकाने कामगार खात्याला द्यायच्या अर्जाचं, पहिलं पान उघडा. माथ्यावर बारीक अक्षरात 'ओएमबी मंजुरी: १२०५-०३१०' असं छापलेलं असतं आणि शेजारी मुदत संपण्याची तारीख. ग्रीन कार्डासाठीच्या पर्म या कामगार-प्रमाणपत्राच्या प्रक्रियेतल्या ईटीए-९०८९ या फॉर्मवर १२०५-०४५१ असतो. कामावरची सुरक्षा आणि आरोग्य पाहणाऱ्या ओशा या शाखेच्या, अपघातांची नोंद ठेवायच्या फॉर्म ३०० वर १२१८-०१७६. पहिले चार अंक खात्याची शाखा सांगतात: १२०५ म्हणजे रोजगार आणि प्रशिक्षण प्रशासन, १२१८ म्हणजे ओशा, १२२० म्हणजे कामगार सांख्यिकी ब्युरो, १२३५ म्हणजे वेतन आणि कामाचे तास पाहणारी शाखा. पुढचे चार त्या विशिष्ट माहिती-संकलनाचे.

ओएमबीकडून, म्हणजे व्हाइट हाउसच्या व्यवस्थापन आणि अर्थसंकल्प कार्यालयाकडून, हा क्रमांक मिळवण्यासाठी, आणि मिळालेला टिकवण्यासाठी, खात्याला लोकांकडून दोनदा हरकती-सूचना मागवाव्या लागतात. मंजुरी जास्तीत जास्त तीन वर्षांची असते, त्यामुळे फॉर्म जुना असला तरी ही फेरी पुन्हा पुन्हा येते. नोकरदार, मालक, राज्य सरकारं, प्रशिक्षण संस्था, वकील, संशोधक अशा कुणालाही लिहिता येतं. नागरिकत्वाची अट नाही. तरीही खात्याच्या बहुतेक जाहीर सूचनांना उत्तरादाखल मोजकीच पत्रं येतात, काहींना एकही नाही. आणि जी येतात त्यातली बरीचशी चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देणारी असतात, कारण इथे सरकार जे विचारतं आणि लोक ज्यावर लिहितात त्यांचा मेळ बसत नाही.

सरकार 'ही योजना असावी का?' असं विचारत नाही. ते विचारतं: या फॉर्ममधला प्रत्येक प्रश्न, तो भरायला जाणाऱ्या मिनिटांच्या मोलाचा आहे का?

हे सगळं पेपरवर्क रिडक्शन अ‍ॅक्ट या कायद्यातून येतं. कायदा १९८० चा, जिमी कार्टर यांच्या सहीचा. १९९५ मध्ये तो जवळपास नव्याने लिहिला गेला. बारा महिन्यांत दहा किंवा त्याहून जास्त व्यक्तींना सारखेच प्रश्न विचारायचे असतील, तर संघीय खात्याला आधी व्हाइट हाउसच्या अखत्यारीतल्या ओएमबीची परवानगी घ्यावी लागते. 'व्यक्ती' या शब्दात कंपन्या, संस्था आणि राज्य सरकारंही येतात. ओएमबीमध्ये हे काम ओआयआरए नावाचा छोटा विभाग पाहतो. वैध क्रमांक नसलेला फॉर्म भरला नाही म्हणून दंड करता येत नाही, असं संरक्षणही कायद्यात आहे. त्यावर भरवसा ठेवून कर बुडवू पाहणाऱ्यांना मात्र न्यायालयांनी वारंवार परत पाठवलंय: जी माहिती कायद्यानेच थेट मागितली आहे, तिला हे संरक्षण लागू होत नाही.

१९९५ च्या फेरबदलामागे कामगार खात्याचंच एक प्रकरण होतं. कामाच्या जागेवरच्या घातक रसायनांची माहिती मालकाने कामगारांना द्यावी, असा ओशाचा नियम होता. ओएमबीने त्यातल्या काही तरतुदी नामंजूर केल्या. पोलाद कामगारांची युनियन न्यायालयात गेली आणि १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मालकाने कामगाराला माहिती देणं म्हणजे सरकारने माहिती गोळा करणं नव्हे, म्हणून ओएमबीला त्यात हात घालता येणार नाही. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, पाच वर्षांनी कायदा बदलून तेही या चौकटीत आणलं. म्हणून आज कंपनीच्या भिंतीवर लावायची एलसीएची सूचना आणि मालकाने तयार ठेवायची कागदपत्रांची फाइल यांचा वेळही 'भार' म्हणून मोजावा लागतो. पत्र लिहिताना ही बाजू बहुतेक जण विसरतात.

दोन फेऱ्या, दोन वाचक

पहिली फेरी साठ दिवसांची. खातं फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे तिथल्या राजपत्रात, सूचना छापतं. तिच्यात संकलनाचं नाव, क्रमांक, कुणाला भरावं लागेल, किती जणांना, वर्षातून कितीदा, दर वेळी सरासरी किती मिनिटं आणि एकूण किती तास एवढं असतं. खुद्द फॉर्म मात्र त्यात छापलेला नसतो. तो सूचनेतल्या संपर्क-पत्त्यावर ईमेल करून मागवावा लागतो, किंवा रेग्युलेशन्स डॉट गव्हवर जोडलेला सापडतो. हे पहिल्याच आठवड्यात करा. पन्नासाव्या दिवशी मागवलेला मसुदा हातात येईपर्यंत मुदत संपलेली असते.

या फेरीतलं तुमचं पत्र खात्याच्या शाखेलाच जातं. इथे तुमचा वाचक तो फॉर्म चालवणारा अधिकारी असतो. मसुदा अजून ओला असतो, त्यामुळे एखादा रकाना काढायचा, शब्द बदलायचा किंवा सूचनापत्रकात एक वाक्य घालायचं असेल तर वेळ हीच.

दुसरी फेरी तीस दिवसांची. आता खात्याने पूर्ण संच ओएमबीकडे पाठवलेला असतो आणि तो रेगइन्फो डॉट गव्हवर सर्वांना दिसतो. तिथे 'आढावा सुरू, सूचनांसाठी खुले' या यादीत क्रमांक टाकून शोधायचं. ओएमबीला निर्णयासाठी साधारण साठ दिवस असतात, पण पहिल्या तीस दिवसांत त्यांनी निर्णय देऊन टाकायचा नसतो. इथला वाचक ओआयआरएचा विश्लेषक. त्याच्या टेबलावर इतरही अनेक खात्यांच्या फाइली असतात, म्हणून या फेरीतलं पत्र दोन पानांच्या वर जाऊ देऊ नये. पहिल्या फेरीत जे सांगितलं त्यावर खात्याने काय केलं आणि ते अपुरं का आहे, एवढंच इथे लिहावं.

राजपत्रातल्या सूचनांची शीर्षकं इतकी कोरडी असतात की नजर घसरते. कामगार खात्याच्या पहिल्या फेरीच्या शीर्षकात नुसतं 'सूचनांची विनंती' असतं, दुसऱ्या फेरीत 'ओएमबी आढाव्यासाठी सादर' अशी भर पडते. फेडरल रजिस्टरच्या संकेतस्थळावर खात्याचं नाव देऊन ईमेलने सूचना मिळवता येतात. त्याहून सोपं म्हणजे फॉर्मवरची मुदत पाहून तिच्या सात-आठ महिने आधीपासून लक्ष ठेवणं. साठ दिवस, मग खात्याचं अंतर्गत काम, मग ओएमबीचे साठ दिवस अशी बेरीज केली तर पहिली सूचना त्याच सुमारास येते. मुदत उलटली आणि फाइल ओएमबीकडे पोहोचलेली असेल, तर जुनी मंजुरी महिन्या-महिन्याने पुढे चालू राहते. तारीख संपलेला फॉर्म दिसला म्हणून लगेच तो रद्द झाला असं समजू नये.

आधी कोणता कागद वाचायचा

संचात सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे 'सपोर्टिंग स्टेटमेंट'. यात ठरलेले अठरा प्रश्न असतात आणि खात्याने त्यांची लेखी उत्तरं दिलेली असतात. सर्वेक्षण असेल तर नमुना कसा निवडला वगैरे सांगणारा 'भाग बी' वेगळा. अठराही वाचायची गरज नाही.

पहिला मुद्दा: कोणत्या कायद्याने ही माहिती मागितली. दुसरा: तिचा उपयोग कोण, कशासाठी करतं. चौथा: हीच माहिती दुसरीकडे आधीच गोळा होते का. सहावा: कमी वेळा गोळा केली तर काय बिघडेल. सातवा लोक ओलांडून जातात, पण तिथेच पकड मिळते. नियमावलीनुसार तिमाहीपेक्षा जास्त वेळा अहवाल मागणं, उत्तराला तीस दिवसांपेक्षा कमी वेळ देणं, किंवा आरोग्य, कर, सरकारी कंत्राट, अनुदान अशा नोंदी वगळता तीन वर्षांपेक्षा जास्त काळ नोंदी जपायला लावणं यासाठी खात्याला खास कारण द्यावं लागतं. सातव्या मुद्द्यात 'असं काही नाही' लिहिलेलं असेल आणि फॉर्म मात्र दर महिन्याला मागितला जात असेल, तर तेवढी एक विसंगती दाखवली तरी पत्र वाचलं जातं. आठव्या मुद्द्यात पहिल्या फेरीच्या सूचनांचा सारांश आणि त्यांना दिलेलं उत्तर. बाराव्यात तास, तेराव्यात पैसे. पंधराव्यात मागच्या वेळेपेक्षा भार का वाढला किंवा घटला ते.

कायद्याने काय बांधलंय आणि खात्याने स्वतः काय घातलंय हे वेगळं करणं सर्वात महत्त्वाचं. २०१४ चा डब्ल्यूआयओए हा कायदा याचं चांगलं उदाहरण. या कायद्याखाली राज्यं आणि स्थानिक केंद्रं बेरोजगारांना प्रशिक्षण आणि नोकरी मिळवून देण्याचं काम करतात आणि प्रत्येक लाभार्थ्याची नोंद वर पाठवतात. यश मोजायचे सहा प्रमुख निर्देशांक कायद्यातच आहेत: कार्यक्रम सोडल्यानंतरच्या दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीत नोकरी आहे का, दुसऱ्या तिमाहीतली मध्यक कमाई, प्रमाणपत्र मिळालं का, कौशल्यात मोजता येईल अशी प्रगती झाली का, आणि मालकांना दिलेली सेवा परिणामकारक आहे का. पहिल्या पाचांवर 'हे नकोच' असं लिहिणं व्यर्थ. काढायचे तर काँग्रेसकडे जावं लागेल.

सहाव्याची गोष्ट वेगळी. कायद्याने निर्देशांक असावा एवढं सांगितलं, तो कसा मोजायचा हे खात्यांवर सोडलं. सुरुवातीला तीन पद्धती चाचणीसाठी ठेवल्या गेल्या आणि राज्यांना त्यातल्या कोणत्याही दोन निवडायला सांगितलं: कामगार त्याच मालकाकडे टिकला का, मालक पुन्हा सेवा घ्यायला आला का, आणि एकूण मालकांपैकी किती जणांपर्यंत सेवा पोहोचली. २०२४ च्या अंतिम नियमात त्यातली पहिलीच पद्धत राहिली. तिला लागणारा बराचसा विदा (डेटा) राज्यांकडे पगारनोंदींतून आधीच येतो. बाकी दोन्हींसाठी मालकांच्या भेटींच्या वेगळ्या नोंदी ठेवाव्या लागत होत्या. फॉर्ममध्ये जिथे कायदा गप्प आहे, तिथेच हरकतीला जागा असते.

मिनिटांचा हिशोब

भार मोजायचं सूत्र साधं आहे: भरणाऱ्यांची संख्या, गुणिले वर्षातून किती वेळा, गुणिले दर वेळचा वेळ. समजा ५०० संस्था दर तिमाहीला एक अहवाल देतात आणि खात्याच्या अंदाजाने त्याला २ तास लागतात. ५०० × ४ × २ म्हणजे वर्षाला ४,००० तास. प्रत्यक्षात ५ तास लागत असतील तर आकडा १०,००० वर जातो. ओआयआरएच्या विश्लेषकाला ही भाषा लगेच कळते. 'फारच त्रासदायक फॉर्म आहे' या वाक्याने त्याच्या हाती काहीच लागत नाही.

हे ५ तास कुठून आले ते दाखवावं लागतं. फॉर्म भरणाऱ्या तीन-चार जणांना घड्याळ लावून काम करू द्या आणि वेळ तुकड्यांत लिहा: फॉर्म भरायच्या सूचना वाचणं, नोंदी शोधणं, दुसऱ्या विभागाकडून माहिती मागवणं, भरणं, तपासणं, पाठवणं, आणि परत आलं तर दुरुस्त करणं. कायद्यातल्या भाराच्या व्याख्येत सूचना वाचण्यापासून नवं सॉफ्टवेअर घेण्यापर्यंत सगळं बसतं. खात्याचा अंदाज बहुधा फक्त भरण्याचा असतो. नवख्याचा वेळ आणि सरावलेल्याचा वेळ वेगळा दाखवा. लहान संस्थेचा आणि मोठ्या संस्थेचाही. सरासरीत लहान संस्थांचं दुखणं दिसेनासं होतं.

एक जागा मात्र सांभाळावी. जी नोंद तुम्ही व्यवसायासाठी एरवीही ठेवलीच असती तिचा वेळ भारात धरत नाहीत. पगारपत्रक तयार करायचे तास या फॉर्मच्या खात्यावर टाकले तर पुढचा सगळा हिशोब संशयात येतो. पगारपत्रकातून सरकारला हवा तसा आकडा वेगळा काढायला जे चाळीस मिनिटं गेली, तेवढीच मोजा.

तास आणि पैसे यांचीही गल्लत होते. कर्मचाऱ्याचा वेळ बाराव्या मुद्द्यात जातो. बाहेरच्या वकिलाची फी, सॉफ्टवेअरचा परवाना, टपाल असा रोख खर्च तेराव्यात. तेराव्यात शून्य लिहिलेलं असेल आणि प्रत्यक्षात बहुतेक अर्जदार वकील लावून फॉर्म भरत असतील, तर ते आवर्जून दाखवा.

काही भार फॉर्म पाहून दिसतच नाही. डब्ल्यूआयओएच्या नोंदींत लाभार्थ्याला पुढे नोकरी लागली का हे सोशल सिक्युरिटी क्रमांक राज्याच्या पगारनोंदींशी जुळवून कळतं. क्रमांक द्यायला कुणी नाही म्हटलं, किंवा तो स्वतःचा धंदा करत असेल, तर पगारनोंदीत त्याचा पत्ता लागत नाही. मग केंद्रातला माणूस सहा महिन्यांनी फोन करत बसतो, कागद मागतो, बदललेला फोन नंबर शोधतो. फॉर्ममध्ये हा एकच रकाना असतो. असे किती फोन, किती मिनिटांचे, हे मोजून कळवणारं पत्र दुर्मीळ, म्हणूनच उपयोगाचं.

प्रश्नाचे शब्द

चुकीच्या शब्दांनी विदा कसा वाया जातो, याचं उदाहरण कामगार सांख्यिकी ब्युरोने स्वतःच जगासमोर ठेवलं. मे २०१७ मध्ये तात्पुरत्या आणि पर्यायी कामांचं सर्वेक्षण झालं, त्याआधीचं २००५ चं. अ‍ॅप किंवा संकेतस्थळावरून मिळणारं काम मोजण्यासाठी चार नवे प्रश्न घातले होते. अनेकांनी प्रश्नाचा अर्थ 'कामात संगणक किंवा फोन वापरता का' असा घेतला आणि अ‍ॅपशी काडीचा संबंध नसताना 'हो' म्हटलं. ब्युरोला एकेक उत्तर तपासून पुन्हा वर्गवारी करावी लागली. सुधारलेला आकडा निघाला एकूण नोकरदारांच्या सुमारे १ टक्का, आणि पुढे हे प्रश्न तसेच्या तसे वापरू नयेत असंच ब्युरोचं मत झालं.

म्हणून शब्दांवर हरकत घेताना तीन गोष्टी द्याव्यात: प्रश्नाचा क्रमांक, तो वाचून माणूस कसा गोंधळतो ते, आणि तुमचा पर्यायी मजकूर. तिसरी नसेल तर अधिकारी 'विचार करू' लिहून मोकळा होतो. नमुन्यादाखल (पत्र अर्थातच इंग्रजीत जाईल): 'रकाना १४ मध्ये कामाचं ठिकाण विचारलंय. घरून काम करणाऱ्याचं घर लिहायचं की कार्यालय, हे सूचनापत्रकात नाही. आमच्या २० अर्जांपैकी ६ याच कारणाने परत आले आणि दर अर्जामागे ४५ मिनिटं जास्त गेली. सुचवलेला मजकूर: कर्मचारी प्रत्यक्ष जिथे बसून काम करतो तो पत्ता, घरून काम असल्यास घराचा पत्ता.' एवढा परिच्छेद पुरतो.

प्रश्न राहावा म्हणूनही लिहिता येतं, आणि हे फार थोडे लोक करतात. एलसीएच्या २०१८ च्या आवृत्तीत मोठी भर पडली: कर्मचारी दुसऱ्या कंपनीच्या जागेवर काम करणार असेल तर त्या कंपनीचं नाव द्यायचं. सल्लागार कंपनीमार्फत क्लायंटकडे बसणाऱ्या हजारो मराठी इंजिनिअरांशी याचा थेट संबंध आहे. मालकांच्या दृष्टीने हा जादा भार. पण एलसीएचा विदा खातं दर तिमाहीला जाहीर करतं, आणि आपल्या पदाला त्या शहरात कोण किती पगार देतं हे कर्मचारी त्यातूनच पाहतात. मालकांचीच पत्रं आली तर ओएमबीसमोर खर्चाची बाजू तेवढी दिसते. हा विदा कोण वापरतं, कशासाठी, आणि रकाना गेला तर काय कळणार नाही, हे सांगणाऱ्या पत्राने कायद्यातल्या 'व्यावहारिक उपयोगिता' या कसोटीला उत्तर मिळतं.

पत्र कुठे फसतं

विषयाबाहेर जाणं सर्वात सर्रास. 'एच-१बी बंद करा' किंवा 'कोटा वाढवा' असं लिहिलेलं पत्र आठव्या मुद्द्यात 'या संकलनाच्या कक्षेबाहेर' या तीन शब्दांत निकाली निघतं. त्यानंतर संकलनाचा क्रमांक न लिहिणं. शाखेकडे एकाच वेळी अनेक सूचना खुल्या असतात, क्रमांकाशिवाय पत्र भलत्या फाइलला लागतं. संघटनेने दिलेला मजकूर शंभर जणांनी जसाच्या तसा पाठवला तर सारांशात तो एकच मुद्दा धरला जातो. त्यापेक्षा शंभरातल्या दहांनी आपापली मिनिटं लिहिली तर जास्त वजन पडतं.

पत्र सार्वजनिक होतं हे विसरू नका. सोशल सिक्युरिटी क्रमांक, पासपोर्ट, अर्जाचा केस नंबर, सहकाऱ्याचं नाव काही घालू नका. स्वतःच्या रखडलेल्या अर्जाची तक्रार इथे करून उपयोगही नाही. तिच्यासाठी खात्याची मदतवाहिनी वेगळी आहे.

नवा किंवा बदललेला फॉर्म एखाद्या प्रस्तावित नियमाचा भाग असेल, तर सूचना नियमाच्या मसुद्याबरोबरच मागवल्या जातात. अशा वेळी नियमावरचं पत्र आणि फॉर्मवरचं पत्र वेगळं ठेवावं आणि दुसऱ्याची प्रत ओएमबीला पाठवावी. तीस पानी पत्राच्या अठ्ठाविसाव्या पानावर फॉर्मचा मुद्दा असेल तर तो तिथेच राहतो.

निर्णय झाला की रेगइन्फोवर 'नोटिस ऑफ अ‍ॅक्शन' येते. ती उघडून 'मंजुरीच्या अटी' वाचा. ओएमबी कधी पूर्ण तीन वर्षं देतं, कधी कमी देऊन सांगतं की पुढच्या वेळी अमुक अंदाज तपासून या. तुमच्या पत्रातला मुद्दा अटीत उतरला असेल तर पुढच्या फेरीत खात्याला त्याचं उत्तर द्यावंच लागतं, आणि तुम्ही अटीचा दाखला देऊन पत्र सुरू करू शकता. तातडीची मंजुरी हा प्रकार वेगळा: खात्याने तशी गरज पटवली तर सूचनांचा काळ कमी किंवा माफ होतो, पण ती मंजुरी साधारणपणे १८० दिवसांच्या वर चालत नाही. त्यानंतर फॉर्म चालू ठेवायचा तर साठ आणि तीस दिवसांच्या दोन्ही फेऱ्या घ्याव्याच लागतात. त्यामुळे तातडीने आलेला फॉर्म दिसला की त्याच आठवड्यात वेळ मोजायला लागा, कारण साठ दिवसांची सूचना निघेपर्यंत काही महिन्यांचे खरे आकडे तुमच्याकडे जमलेले असतात.